निळा की लाल

काटेवाल्यांच्या घरी जायचं तर दारातच खाली बघून पाऊल टाकावं लागे. चपलांच्या जागी लाकडी कड्या, छत्र्यांच्या जागी लोखंडी दांडे, आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर हमखास एखादा ड्रम ऐसपैस बसलेला. "पाहुणे उभे राहू शकतात, ड्रम लवंडतो," असं त्यांची बायको येणाऱ्याला सांगायची आणि मग स्वतःच तो ड्रम उचलून पलंगावर ठेवायची.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांतले आणि कारखान्यांतले वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. एक दिवस कचऱ्याच्या डब्यापाशी कुणीतरी टाकलेला जुना ड्रम त्यांना दिसला. बोल्ट गंजलेले, वरचं कातडं फाटलेलं. तो त्यांनी घरी आणला आणि महिन्याभरात असा काही नवा केला की बायकोनेही दोनदा वळून पाहिलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती आणि लांबलांबून लोक जुने ड्रम घेऊन त्यांच्याकडे येत होते. गंमत अशी, की काटेवाल्यांना स्वतःला ड्रम वाजवता येत नव्हता. यांना टाळ्यासुद्धा तालात वाजवता येत नाहीत, असं बायको म्हणायची, आणि ते खरं होतं. पण ड्रमच्या कडेकडेने बोटाने टिचक्या मारत गेलं, की आठ बोल्टांपैकी कोणता पाव फेरा सैल आहे हे त्यांना बरोबर कळे.

एका सकाळी एक बाई टेम्पोतून चार ड्रम घेऊन आल्या. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम त्या करत. पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलण्यात एकदम स्पष्ट. चारही ड्रम काळेकुट्ट होते. दारंखिडक्या रंगवतात तो रंग कुणीतरी ब्रशने फासला होता आणि आता त्याचे पोपडे निघत होते.

"माझ्या बाबांचे आहेत, काका," त्या म्हणाल्या. "एका हॉटेलात संध्याकाळी बँड असायचा, त्यात वाजवायचे ते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आईला पंच्याहत्तर पूर्ण होतायत. तिच्यासाठी करायचंय हे. पण तिला कळता कामा नये. ती मावशीकडे गेलीय, तेवढ्यात माळ्यावरून काढून आणलेत."

"काय काय करायचं?"

"मूळ होते तसे करायचे."

काटेवाल्यांना हे वाक्य फार आवडे. मूळ म्हटलं की प्रश्न मिटला. काय होतं ते शोधायचं आणि तिथे नेऊन पोचवायचं. "मूळ रंग कोणता?" त्यांनी विचारलं.

"निळा. आतून चकाकणारा, शिंपल्यासारखा निळा. मला स्वच्छ आठवतंय."

काटेवाल्यांनी वहीत लिहून घेतलं: चार ड्रम, काळे, मूळ निळा.

चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडे भट्ट्यांची घरघर आणि पत्र्यांचा खणखणाट ऐकू येत होता. "काका, मी तिचा भाऊ बोलतोय, धाकटा. बेकरीत असतो मी. ताईला सांगू नका मी फोन केला म्हणून. तिनं तुम्हाला निळा सांगितला ना?"

"हो."

"लाल होता. सगळा सेट लाल. त्या मोठ्या ड्रमला धरूनच मी उभं राहायला शिकलो. माझ्या नाकासमोर लाल रंग होता हो! ताईच्या आठवणीवर जाऊ नका. तीच मला सांगायची की मी बस स्टॉपवर सापडलो."

काटेवाल्यांनी फोन ठेवला आणि ते वहीकडे पाहत बसले. डोळे तपासणारी बाई एक रंग सांगते, तिचा सख्खा भाऊ दुसरा सांगतो, आणि दोघंही छातीठोकपणे. त्यांनी 'निळा' पुढे 'किंवा लाल' असं लिहिलं आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"अहो, खरवडून बघा की," बायको म्हणाली. "त्यासाठी फोन कशाला लागतो?"

त्यांनी खरवडायला घेतलं. सर्वांत लहान ड्रमचे बोल्ट, कड्या, कातडी सगळं उतरवलं. काळ्या रंगावर रंग काढायचं औषध चोपडलं आणि बोथट प्लास्टिकच्या पट्टीने, नख लागू न देता, तो हळूहळू सोलायला सुरुवात केली. दुपारपर्यंत तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला. खाली निळा! तोच, आतून चकाकणारा. त्यांनी लगेच चष्म्याच्या दुकानात फोन लावला.

"निळाच आहे."

"मी म्हटलं नव्हतं?" ताई म्हणाल्या. आवाजात विजय मावत नव्हता.

दुसरा, तीन पायांवर जमिनीलगत उभा राहणारा ड्रम. तोही निळा. काटेवाल्यांनी मनातल्या मनात धाकट्याला खोटं ठरवलं आणि मोठा ड्रम घेतला, पायाने वाजवतात तो. तीन दिवस तो सोलण्यात गेले. पहिल्याच पट्टीला खालून लाल रंग दिसला तेव्हा त्यांना वाटलं, हा मधला एखादा थर असेल. अजून सोललं. लाल. उलटा करून दुसऱ्या बाजूने सोललं. लाल.

काटेवाल्यांनी पट्टी खाली ठेवली आणि घरातले बाकीचे ड्रम मोजायला घेतले.

कारण घरात त्या वेळी आणखी तीन गिऱ्हाइकांचे सेट सुटे करून पडलेले होते. कड्या एकीकडे, लाकडी पिंपं दुसरीकडे. आणि गेल्याच महिन्यात ते दूध उतू घालवून, गॅस तसाच चालू ठेवून, बाहेर फिरायला निघून गेले होते. त्यानंतर दोनदा किल्ली दाराला लटकत राहिली. बायकोने तो विषय हसण्यावारी नेला होता, पण काटेवाल्यांच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती. आपण कुणाचा ड्रम कुणाच्या सेटमध्ये घातला तर नाही? लोकांच्या आठवणी आपल्याकडे येतात, आणि आपलीच आठवण जाग्यावर नाही?

बायको वाचनालयातून घरी आली तेव्हा बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सतरा ड्रम जमिनीवर मांडले होते आणि काटेवाले गुडघ्यांवर बसून एकेकाचा व्यास मोजत होते.

"हे काय मांडलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मी आत जायचं कुठून?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज बारीक झाला. "दोन निळे, एक लाल. मी घोळ घातलाय बहुतेक. कुणाचं तरी कुणाला जाणार आता. मला नीट आठवतच नाही गं कोणता कुठून आला."

बायको दारातच उभी राहिली. तिने पिशवी खाली ठेवली. "काळे किती आले होते?"

"चार."

"बाकीच्या गिऱ्हाइकांचे कोणाचे काळे होते?"

काटेवाल्यांनी आठवून पाहिलं. एक सेट पांढरा, एक लाकडी रंगाचा, एक सोनेरी. "कोणाचेच नाही."

"हा लाल, सोलायच्या आधी कोणत्या रंगाचा होता?"

"काळा."

"मग यात तुम्ही काय घातलंत? घोळ घालून घरी आणलाय त्यांनी. तुम्ही फक्त उघडा पाडलात." ती ड्रमांमधून वाट काढत आत गेली. आतून म्हणाली, "आणि गॅस मीही एकदा विसरले होते. तुम्हाला सांगितलं नाही इतकंच."

काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. आपण चुकलो नाही हे कळलं तरी खरं काय, ते कळत नव्हतंच. चौथा ड्रम त्यांनी दोन दिवसांत सोलला. तो हातांसमोर ठेवतात तो, खालच्या बाजूला तारा असलेला. लाल निघाला. म्हणजे दोन लाल, दोन निळे. वहीतलं 'किंवा' खोडून त्यांनी 'आणि' लिहिलं, मग तेही पटेना म्हणून प्रश्नचिन्ह काढलं.

आणि एवढ्यावरच थांबलं असतं तर ठीक. मोठ्या लाल ड्रमवर झांजेचा दांडा बसवायला उजव्या अंगाला पितळी खाच होती. कारखान्यातूनच आलेली, कारण वाजवणारे बहुतेक उजव्या हाताने झांज वाजवतात. पण काळा रंग गेल्यावर डाव्या अंगालाही तीन भोकं दिसली. घरी, साध्या ड्रिलने, जरा वाकडी पाडलेली. आणि नंतर लाकडाच्या गुळगुळीत खुंट्या ठोकून तितक्याच काळजीने बुजवलेली. चांगल्या ड्रमला कोणी उगाच भोकं पाडत नाही. आणि पाडलीच, तर परत बुजवत नाही.

त्यांनी रविवारी दोघा भावंडांना घरी बोलावलं.

ताई वेळेवर आल्या. भाऊ दहा मिनिटं उशिरा, शर्टावर पिठाचे डाग घेऊन. चारही ड्रम खिडकीजवळ ओळीने मांडले होते. दोघंही बघत राहिले.

"हे बघ, निळा," ताई म्हणाल्या.

"हे बघ, लाल," भाऊ म्हणाला.

"पण सगळा निळा होता."

"सगळा कुठे? लाल होता."

"अर्धा-अर्धा होता हे तुम्हा दोघांपैकी कुणालाच आठवत नाही?" काटेवाल्यांनी विचारलं.

दोघांनीही नकारार्थी मान हलवली. बाबांनी कुठून तरी जुळवून आणला असेल, फसवलं असेल कुणी त्यांना, असं ताई म्हणाल्या. बाबांना कुणी फसवणं शक्य नाही, असं भाऊ म्हणाला. मग दोघं बाबांवरून घसरून एकमेकांवर आले. बाबांच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं इथपर्यंत गाडी गेली, तेव्हा काटेवाल्यांची बायको चहा घेऊन मध्ये उभी राहिली.

"तुमचे बाबा डावखुरे होते का?" काटेवाल्यांनी घाईघाईने विचारलं.

"छे," भाऊ म्हणाला. "डावखुरी आई आहे."

"आईचा काय संबंध?" ताई म्हणाल्या.

एवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ म्हातारी उभी होती. हातात काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच असावी. तिने आत पाहिलं, आधी मुलीकडे, मग मुलाकडे.

"घरी परत आले तर माळा रिकामा दिसला," ती म्हणाली. "मला वाटलं चोरी झाली. पोलिसांत जाणार होते. मग याला फोन केला."

ताईंनी भावाकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"ती पोलिसांत चालली होती गं! आणि मी तिला म्हटलं होतं, ताईला सांगू नकोस."

म्हातारी कोणाचं ऐकत नव्हती. खिडकीशी ओळीने उभे असलेले ड्रम तिला दिसले होते. ती चालत तिथे गेली, काठी भिंतीला लावली आणि निळ्या ड्रमवर हात ठेवला.

"हे काय," ती म्हणाली. "हे माझे."

"बाबांचे, आई," ताई हळू आवाजात म्हणाल्या, लहान मुलाला समजवावं तसं.

"लाल बाबांचे. निळे माझे." ती काटेवाल्यांकडे वळली. "तुम्ही सोललेत का?"

काटेवाल्यांनी मान डोलावली. इतका वेळ ज्या उत्तरासाठी डोकं खाजवलं ते समोर उभं होतं आणि त्यांना विचारावं काय तेच सुचेना. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "बसा. आणि पहिल्यापासून सांगा. इथे सगळ्यांचीच डोकी फिरलीयत."

मग ती पलंगावर बसून बोलली. दोघं दोन वेगवेगळ्या बँडमध्ये होते. ओळखही त्यातूनच झाली, ड्रम जिन्यावरून चढवताना. लग्न झालं तेव्हा राहायला एक खोली मिळाली. एका खोलीत दोन सेट आणि दोन माणसं मावेनात. कुणाचा विकायचा यावरून आठवडाभर अबोला. शेवटी दोघांनी आपापला अर्धा विकला आणि अर्धा ठेवला. लाल दोन, निळे दोन, झाला एक सेट. "तू पाळण्यात होतीस, निळ्या ड्रमशेजारी," ती मुलीला म्हणाली. "आणि हा रांगायला लागला तेव्हा मोठ्या ड्रमला चिकटलेला असायचा. तुम्हाला जे दिसलं ते दिसलं."

"आणि काळा?" काटेवाल्यांनी विचारलं.

"हॉटेलात नवा मॅनेजर आला. दोन रंगांचा सेट बघून म्हणाला, हा काय सर्कसचा तंबू आहे? मग एका दुपारी आम्ही दोघांनी बसून रंगवला. माझी चांगली साडी गेली त्यात."

"आणि डाव्या बाजूची भोकं?"

म्हातारी हसली. "ती तुम्हाला दिसली? यांचं मनगट मोडलं होतं. दीड वर्ष मी वाजवलं त्यांच्या जागी. रोज संध्याकाळी. झांज उजवीकडे, आणि मी डावखुरी. पहिल्या दिवशी माझी कोपरं सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी यांनी एका हाताने ड्रिल धरलं आणि भोकं पाडली. वाकडी पडली, म्हणून रात्रभर स्वतःवरच चिडले."

"तू?" ताई म्हणाल्या. "तू हॉटेलात ड्रम वाजवायचीस? आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. दहा वेळा. तुम्हाला वाटायचं मी थट्टा करते. बाबाही म्हणायचे, तुमची आई माझ्यापेक्षा चांगली वाजवते. तुम्ही दोघं खो खो हसायचात."

भाऊ खाली बघत होता. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "म्हणजे मला जे आठवतं," त्या अडखळत म्हणाल्या, "पाठमोरं कुणीतरी बसलंय, चौकटीचा शर्ट घालून, आणि शेजारी निळा ड्रम… ते बाबा नाहीत?"

"चौकटीचा शर्ट त्यांचाच. साडी नेसून पाय कसा चालवणार? त्यांचा शर्ट-पँट घालायचे मी."

 ताईंचा चेहरा पाहून काटेवाल्यांना वाईट वाटलं. वडिलांची एवढी एक आठवण होती आणि ती आईची निघाली. दुःख करावं की आनंद, हे त्या बाईंना ठरवता येत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. "पण मग बाबा कुठे होते?" ताईंनी विचारलं.

"तुला मांडीवर घेऊन बसायचे. म्हणून तर तुला ते दिसले नाहीत."

ताई उठून खिडकीशी गेल्या आणि निळ्या ड्रमशेजारी जमिनीवर बसल्या.

काटेवाल्यांनी मुकाट्याने कामाला हात घातला. जुनी कातडी चढवली, बोल्ट हाताने आवळले, घरात पडलेलं एक पेडल लावलं, तशीच एक झांज उजवीकडे बसवली आणि एक स्टूल आणून ठेवलं. म्हातारी बसली. काड्या हातात घेतल्या. पहिले चार ठोके नीट पडले, पाचवा चुकला, आणि झांजेसाठी तिचा डावा हात सरळ डावीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. काडी हवेत फिरली. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हात तिकडेच. तिसऱ्या वेळी तिने काड्या मांडीवर ठेवल्या.

"विसरले सगळं," ती म्हणाली.

"विसरला नाहीत," काटेवाले म्हणाले. "झांज चुकीच्या जागी आहे."

आता पुढे काय, यावर त्या दिवशी निर्णय झाला नाही. भावाचं म्हणणं, पुन्हा काळा करा, आईबाबांनी मिळून दिलेला रंग तो. ताई म्हणाल्या, आहेत तसे राहू द्या. म्हातारी म्हणाली, मला दोन दिवस द्या. मंगळवारी तिचा फोन आला: काळाच करा. काटेवाल्यांनी रंगाचा डबा आणला. बुधवारी फोन: थांबा जरा. गुरुवारी ती म्हणाली, "मला खरंच कळत नाही हो. निळा बघितला की वाटतं, बाकीचे माझे दोन विकले ते कुणाकडे असतील. लाल बघितला की हे आठवतात. काळा केला तर काहीच आठवायला नको. पण मग ते कशाला करायचं?"

 मूळ होते तसे करायचे, पण मूळ कोणतं? कारखान्यातलं, लग्नानंतरच्या खोलीतलं, की त्या दुपारचं? ते बायकोला म्हणाले, "एवढ्या वर्षांत असं काम आलं नव्हतं. कुठे थांबायचं तेच कळत नाही."

"तुम्हाला कळायला कशाला हवं? ड्रम तिचा आहे."

शनिवारी म्हातारीने सांगितलं: रंग राहू द्या तसेच. डावीकडची भोकं तेवढी उघडा.

खुंट्या काढायला काटेवाल्यांना एक अख्खा दिवस लागला. म्हातारीच्या नवऱ्याने त्या इतक्या घट्ट ठोकल्या होत्या, की लाकूड न चिरता बाहेर येईनात. शेवटी त्यांनी पातळ टोकाने आतून पोखरून पोखरून त्या काढल्या. भोकं वाकडीच ठेवली. सरळ करणं त्यांच्या हातात होतं, पण मन धजेना.

वाढदिवसाला काटेवाले गेले नाहीत. त्यांना गर्दी मानवत नसे. ताई नंतर येऊन सांगून गेल्या, की आईने अर्धा तास वाजवलं, वाईट वाजवलं, आणि पाहुण्यांना कुठे बघावं ते कळेना. "मलाही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "मी रडत होते की हसत होते, भावाला विचारा. तो म्हणतो हसत होतीस. मला नाही तसं वाटत."

दीड महिन्याने म्हातारीचा फोन आला. लहान निळ्या ड्रमचा आवाज बदललाय, येऊन बघता का? काटेवाले गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराशी जाड गालिचा टांगलेला, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. आत ती चौकटीच्या शर्टात बसली होती. त्यांनी ड्रमच्या कडेकडेने टिचक्या मारल्या. सहांपैकी दोन बोल्ट चांगलेच सैल झाले होते. आवाज ओला, बसका येत होता. त्यांनी चावी लावली आणि दोन्ही बरोबर करून दिले. आता ड्रम काचेसारखा स्वच्छ वाजत होता.

तिने डाव्या हाताने दोन ठोके दिले. ऐकलं. पुन्हा दोन दिले.

"हे बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग जरा चुकवा," ती म्हणाली. "मगाचं बरं होतं. का ते मला विचारू नका."

 नऊ वर्षांत काटेवाल्यांनी एकही बोल्ट मुद्दाम सैल केला नव्हता. मग ते वाकले, पहिला बोल्ट पाव फेरा उलटा फिरवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"अजून थोडा," म्हातारी म्हणाली, डोळे मिटून.